मोजणीवाल्या मॅडम

काळे मॅडमसमोर ‘लई’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, “मॅडम, कॉम्प्युटर लई हळू चाललंय,” की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, “लई म्हणजे किती?” माणूस गडबडायचा. “लई म्हणजे... लईच!” मग मॅडम मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घ्यायच्या आणि उठायच्या. “चल, मोजून येऊ.”

आमच्या रुग्णालयात त्यांचं नाव मोजणीवाल्या मॅडम पडलं ते यामुळेच. शेताच्या बांधावर सरकारी मोजणी आली की दोन्ही बाजूचे शेतकरी जसे दबून उभे राहतात, तसे वॉर्डातले लोक त्या आल्या की एकमेकांना खुणावायचे, “मोजणी आली!” त्यांना हे ठाऊक होतं. त्या स्वतः गंगापूरकडच्या, गोदावरीच्या अंगाच्या गावातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या म्हणायच्या, “बरंच आहे की. मोजणी झाली की भांडण मिटतं.”

मी तिथं कॉम्प्युटर विभागात लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि शहराचं नाव औरंगाबादच होतं. रुग्णालय ट्रस्टचं, मोठं, गर्दीचं. मी मूळचा सिल्लोडचा. इंजिनिअरिंगची पदवी खिशात होती आणि डोक्यात थोडी हवा होती. आमच्या विभागाच्या प्रमुख पूर्वी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या हे कळल्यावर मला हसू आलं होतं. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला होता. रुग्णालयात कॉम्प्युटर आले तेव्हा ते बसवणाऱ्या कंपनीच्या लोकांना प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या. आणलेले इंजिनिअर वर्षभरात पुण्याला पळत होते. शेवटी ट्रस्टनं विभाग त्यांच्याच हाती दिला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आणि अझहरला समोर बसवून सांगितलं, “मला वायरीतलं काही कळत नाय. ते तुमचं. पण रक्तात काय बिघडलंय हे रक्त मोजल्याशिवाय सांगायचं नसतं, एवढं मला कळतं. तुमचं मशीन काय रक्तापेक्षा मोठं लागून गेलंय का?”

अझहर खुलताबादचा. माझ्याहून दोन वर्षांनी जुना, हुशार आणि बोलायला फटकळ. तो माझ्या कानात पुटपुटला, “अब सर्व्हर का भी खून निकालेंगे.”

आठवड्याभरातच मी अर्ज लिहिला. सर्व्हर जुना झाला आहे, बाह्यरुग्ण विभागात नोंदणी फार हळू होते, नवा सर्व्हर घ्यावा. मॅडमनी अर्ज वाचला, ‘फार’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि मला खाली नोंदणीच्या खिडकीपाशी घेऊन गेल्या. आम्ही दोघं पेशंटांच्या बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारी गुडघे धरून बसली होती. मॅडमनी तिला विचारलं, “मावशी, तुमचा नंबर आला की मला सांगा बरं.” म्हातारी म्हणाली, “तुमालाबी गुडघ्याचंच हाय का?” मॅडम म्हणाल्या, “नाय, आमचं डोक्याचं हाय.”

दोन तास आम्ही बसलो. मॅडम घड्याळ बघून आकडे सांगत होत्या, मी लिहीत होतो. नाव टाकायला एक मिनिट. पत्ता टाकायला एक मिनिट. मग चार मिनिटं कारकून हातावर हात ठेवून बसलेला. कशासाठी? तर चिठ्ठी छापून बाहेर येईपर्यंत कॉम्प्युटरचा पडदा पुढं सरकतच नव्हता आणि प्रिंटर पार थकला होता. सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं. मी तो अर्ज तिथंच घडी करून खिशात घातला. मॅडम उठल्या. म्हातारीचा हात धरून तिला डॉक्टरांच्या दारापर्यंत सोडून आल्या आणि मग मला म्हणाल्या, “चहा घेऊ. दोन तास बसून माझे गुडघे धरले.”

त्यांचा आणखी एक रिवाज होता. दुपारचा डबा त्या कधीच आमच्या खोलीत खायच्या नाहीत. सोमवारी औषधांच्या दुकानात, मंगळवारी एक्स-रेच्या खोलीबाहेर, बुधवारी सिस्टरांच्या मागच्या खोलीत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादी पालेभाजी. “ऑफिसात माणूस तक्रार करतो,” त्या म्हणायच्या, “जेवताना खरं बोलतो.” डबा धुऊन परत आल्या की त्यांच्याकडे दोन-तीन गोष्टी असायच्या, ज्या आमच्या तक्रारवहीत कधीच आल्या नसत्या.

अशाच एका डब्यानंतर त्यांनी भिंतीवर पांढरा फळा लावला. म्हणाल्या, आता आपण काय करणार ते तिघांनी मिळून ठरवू. अझहर म्हणाला, “मॅडम, सिस्टम फास्ट करना है, इतनाच लिखो ना.”

“फास्ट म्हणजे? बैलगाडीपेक्षा की विमानापेक्षा?”

“मतलब... अच्छी चलना.”

“चांगली चालली हे कुणी ठरवायचं? तू की वॉर्डातल्या सिस्टरनं?” मॅडमनी खडू त्याच्या हातात दिला, मग फळा खडूचा नाही हे लक्षात येऊन स्वतःच हसल्या आणि पेन दिलं. “आज किती आहे ते डाव्या बाजूला लिही. दिवाळीपर्यंत किती करणार ते उजव्या बाजूला. मधी काय करणार ते लिही. तेवढंच. जमणार नाय ते लिहू नको, आणि मोजता येणार नाय ते तर मुळीच लिहू नको.”

तीन ओळी झाल्या. लॅबमध्ये रिपोर्ट तयार झाल्यापासून वॉर्डातल्या पडद्यावर दिसेपर्यंत किती मिनिटं लागतात. आलेली तक्रार किती तासांत सुटते. आणि तिसरी ओळ मॅडमची लाडकी होती: दहा बिघाडांपैकी किती आपल्याला फोन येण्याआधी कळले. त्या वेळी डाव्या बाजूला त्यांनी ‘दोन’ लिहिलं होतं. म्हणजे आठ वेळा आम्हाला आमचं मशीन बंद पडल्याचं दुसऱ्यांकडून कळत होतं. मला तो आकडा बघून लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, “लाजू नको. आकडा शिवी देत नसतो. पत्ता सांगत असतो.”

अझहरनं दर पाच मिनिटांनी सगळ्या मशीनची हालहवाल विचारणारा एक प्रोग्रॅम लिहिला. काही बंद पडलं की आमच्या खोलीत लाल दिवा लागायचा. दिवाळीला दोनाचे सहा झाले. मॅडमनी गुलमंडीवरून इमरती आणली आणि पहिली अझहरच्या तोंडात घातली.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पुढचं सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं, पण ते सांगितल्याशिवाय मॅडम सांगता येणार नाहीत.

त्या वर्षी मला नोकरीत कायम करण्याचा विचार चालू होता. तक्रारी सोडवण्याची ओळ माझ्याकडे होती. चार तासांच्या आत तक्रार सुटली पाहिजे असं आम्ही ठरवलं होतं. सुरुवातीला मी खरोखर धावत होतो. मग मला एक सोपी वाट सापडली. वॉर्डात जायचं, मशीन बंद करून चालू करायचं आणि वहीत ‘सुटली’ लिहायचं. पुन्हा फोन आला की नवी तक्रार, नवा नंबर. तीही ‘सुटली’. पुढं पुढं तर मी जागचा न उठताच लिहू लागलो. फळ्यावर माझा आकडा सर्वांत देखणा दिसत होता. डायरेक्टर साहेबांनी एकदा तो बघून माझ्या पाठीवर थाप मारली.

पुरुषांच्या मेडिकल वॉर्डातून तीन दिवस एकच तक्रार येत होती. रिपोर्ट मधूनच दिसत नाहीत. पहिल्या दिवशी मी गेलो, मशीन चालू-बंद केलं. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही सकाळी वहीत ‘सुटली’ लिहिलं.

त्याच दिवशी त्या वॉर्डात आमच्या सिल्लोडकडचे एक मास्तर दाखल होते. किडनीचा आजार. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं वाढलेलं होतं. लॅबनं ते अकरा वाजता मोजून कॉम्प्युटरवर टाकलंही होतं. पूर्वी असा आकडा आला की लॅबवाले वॉर्डात फोन करायचे. पडद्यावर दिसतंच म्हणून ती सवय सुटत चालली होती. वॉर्डात शिंदे सिस्टर पडद्याकडे बघत होत्या आणि पडदा कोरा होता. पावणेएकला त्यांना राहवलं नाही. त्या स्वतः जिने उतरून लॅबमध्ये गेल्या, आकडा तोंडी विचारला आणि तशाच धावत वर आल्या. तोवर मास्तरांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. डॉक्टर धावले, इंजेक्शनं झाली. संध्याकाळी मास्तर वाचले असं कळलं.

आमच्या खोलीतला लाल दिवा लागला नव्हता. अझहरचा प्रोग्रॅम मशीन चालू आहे का एवढंच विचारत होता, आणि मशीन चालूच होतं. फक्त रिपोर्ट मधल्या रांगेत अडकले होते.

मॅडमनी तक्रारवही चाळली. मला सोबत घेऊन वॉर्डात गेल्या. मास्तर डोळे मिटून पडले होते. त्यांच्या बायको पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होत्या. मॅडमना बघून त्या उठल्या. त्यांना वाटलं डॉक्टरच आल्या. “बाई, आता धोका नाय ना?” मॅडम म्हणाल्या, “नाय. सिस्टरांनी वेळेत धाव घेतली.” माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं मला फार लागलं.

जिन्यात त्या थांबल्या. “संदीप, अशा न सुटता सुटलेल्या किती आहेत?”

“दोन-तीन असतील, मॅडम.”

“अंदाज नको. मोजून आण.”

मी वही घेऊन बसलो. प्रत्येक वॉर्डात जाऊन विचारलं. ही तक्रार खरंच सुटली होती का? लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. एकतीस निघाल्या. मी एकतीस ओळींचा कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “उद्या राजीनामा देतो.”

त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. “हा आकडा खरा हाय?”

“व्हय.”

“मग तुझा पहिला खरा आकडा हा. राजीनामा द्यायला अख्खं आयुष्य पडलंय. आधी ह्या एकतीस सोडव.”

दोन दिवसांनी डायरेक्टर साहेबांपुढं बैठक झाली. मी घाबरून दाराशी उभा होतो. मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, “साहेब, चूक माझी आहे. रिपोर्टला किती मिनिटं लागतात ते आम्ही मोजत होतो. पण जो रिपोर्ट पोहोचलाच नाही त्याची मिनिटं कुठं धरणार? तो आमच्या हिशेबातच नव्हता. आणि तक्रार सुटली की नाही हे ज्याची तक्रार त्याला विचारायला पाहिजे होतं. मी ते सोडवणाऱ्यालाच विचारत बसले. लक्ष्य मी बांधलं होतं. भोक माझ्या बांधणीत होतं.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला तेव्हा वाटलं, प्रकरण तिथंच मिटलं. दोन महिन्यांनी मी कायम झालो. ऑर्डर घ्यायला गेलो तेव्हा आस्थापनेतल्या कारकुनानं सहज सांगितलं, मॅडमना त्या बैठकीनंतर लेखी मेमो मिळाला होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीतला पहिला.

मी तसाच त्यांच्याकडे गेलो. “मॅडम, तो मेमो माझ्या नावाचा होता.”

त्या डबा उघडत होत्या. “तू कायम नव्हतास. तुला मेमो नसता मिळाला, घरी पाठवलं असतं. मग त्या एकतीस तक्रारी कुणी सोडवल्या असत्या? अझहरनं?” आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात देत म्हणाल्या, “आणि बघ, मी बोलले त्यात खोटं काय होतं? चूक माझीच होती. तुझी निराळी होती, ती तू मोजलीस.”

त्या प्रकरणानंतर फळा पुसून नव्यानं लिहिला गेला. तक्रार करणाऱ्यानं स्वतः ‘झालं’ म्हटल्याशिवाय वहीत ‘सुटली’ लिहायचं नाही. माझा देखणा आकडा एका महिन्यात निम्म्यावर आला. मॅडम रोज त्याच्याकडे बघून समाधानानं मान हलवायच्या. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी एक खोटी पेशंट दाखल केली. तिचं नाव त्यांनीच ठेवलं, गोदाबाई. दर दहा मिनिटांनी लॅबमधून गोदाबाईचा रिपोर्ट प्रत्येक वॉर्डाकडे निघायचा. पाच मिनिटांत तो पडद्यावर पोहोचला नाही तर आमच्या खोलीत घंटा वाजायची. गोदाबाईचं हिमोग्लोबिन कायम बारा. बिचारी कधी बरी झाली नाही आणि कधी आजारीही पडली नाही. सिस्टर जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “काय, गोदाबाईंची तब्येत?” एकदा एका नव्या डॉक्टरनं राउंड घेताना तिचा पलंग शोधला होता.

वर्षभरानं दोनाचे नऊ झाले होते. म्हणजे दहातले नऊ बिघाड आम्हाला आधी कळत होते. शिंदे सिस्टर एकदा चिडून म्हणाल्या, “तुम्हाला फोन लावायचा म्हटलं तर तुम्ही आधीच दारात उभे. तक्रार करायची मजाच गेली.” मॅडमना एवढं खूश झालेलं मी फार कमी वेळा पाहिलं.

पुढं सात वर्षं आम्ही एकत्र काम केलं. निवृत्तीला सहा महिने राहिले तेव्हा त्यांनी फळ्यावर एक नवी ओळ लिहिली, ‘आज मॅडमना किती वेळा विचारावं लागलं?’ डाव्या बाजूला आकडा होता चौदा. उजव्या बाजूला शून्य.

अझहर म्हणाला, “ये कायकू, मॅडम?”

“मी गेल्यावर तुम्ही दर घटकेला गावाकडं फोन करणार. मी तिथं कापसात असणार. आत्तापासून कमी करा.”

आम्ही खेळीमेळीनं सुरुवात केली. चौदाचे दहा झाले, दहाचे पाच. कुणी काही विचारायला गेलं की त्या पेन उचलायच्या आणि माणूस “काही नाही, काही नाही” म्हणत माघारी फिरायचा. हळूहळू आम्हाला खरंच उत्तरं सापडायला लागली. शेवटच्या महिन्यात एका गुरुवारी शून्य आलं. मॅडमनी ते स्वतः लिहिलं. त्यांच्या अक्षरातलं ते शून्य जरा वाकडं आलं होतं. लिहून झाल्यावर त्या बराच वेळ पेनाचं टोपण शोधत होत्या. ते त्यांच्या हातातच होतं.

निरोपाच्या समारंभात त्या दोनच वाक्यं बोलल्या. “पोरांनी मला बिनकामाचं केलं. ह्यापेक्षा मोठा सत्कार नसतो.”

त्या गेल्यावर तीन महिन्यांनी आमचा मुख्य सर्व्हर भर दुपारी बसला. सगळे वॉर्ड एकदम आंधळे झाले. माझा हात मोबाईलकडे गेला, मॅडमचा नंबर लावलाही, आणि वाजायच्या आत कापला. सव्वा तासात आम्ही गाडी रुळावर आणली. लॅबवाले तोवर प्रत्येक आकडा फोनवर सांगत होते आणि सिस्टर कागदावर उतरवून घेत होत्या. एकाही पेशंटचं काही अडलं नाही. अझहर खुर्चीत कोसळून म्हणाला, “बाई को बोलना पडेगा.”

रविवारी मी गंगापूरच्या जीपमध्ये बसलो आणि पुढं त्यांच्या गावी गेलो. अंगणात मॅडम वेचलेला कापूस पसरत होत्या. त्यांचे यजमान, दादा म्हणतात सगळे त्यांना, दारात वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं सांगितलं. कुठं बिघडलं, आधी काय केलं, मग काय केलं. मॅडम कापूस तसाच टाकून ऐकत बसल्या.

शेवटी म्हणाल्या, “आणि फोन नाय केला मला.”

“तुम्हीच शून्य लिहिलं होतं ना.”

“लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “बरं केलंत. अगदी बरं केलंत.” आणि चहा टाकायला आत गेल्या.

दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “संदीप, एक सांगू का? घरात रेंज येत नाय. आल्यापास्नं हिनं बाज तिकडं कडुनिंबाखाली टाकलीय. तिथं दोन कांड्या येतात. मी म्हणलं, अगं थंडी सुरू झाली, आत झोप. तर म्हणते, दवाखान्यातनं काही निरोप आला तर?”

“काय सांगताय त्याला?” आतून मॅडमचा आवाज आला.

“काय नाय, कापसाचं सांगतोय,” दादा म्हणाले.

मला समोरचं नीट दिसेना. मी उठून कडुनिंबाखाली गेलो. बाजेवर गोधडी नीट घडी करून ठेवली होती आणि तिच्यावर मोबाईल होता, पडदा वर करून. त्यावर एकही फोन आलेला नव्हता. त्यांनी फळ्यावर लिहिलेलं शून्य आम्ही तंतोतंत पाळलं होतं.

मॅडम चहा घेऊन आल्या, मला बाजेपाशी उभा बघून थबकल्या. मी म्हणालो, “मॅडम, पुढच्या रविवारपासून मी फोन करत जाईन. काम काही नसेल.”

“मग कशाला?”

“अझहर नव्या पोरांना कसा बोलतो ते सांगायला. कापूस कसा आहे ते विचारायला.”

त्यांनी कप माझ्या हातात दिला. पदरानं बाजेची कड उगाच पुसली. मग म्हणाल्या, “सकाळी नको करू. सकाळी मी शेतात असते. चारनंतर कर.”

त्याला आता अकरा वर्षं झाली. विभाग मी सांभाळतो. दर रविवारी चारनंतर मी फोन लावतो. कधी दोन मिनिटं बोलतो, कधी अर्धा तास. तेवढी एक गोष्ट आम्ही दोघांनी कधी मोजलेली नाही.